मुळाबरहुकूम

आत्याला घरात सगळे 'आगाऊ' म्हणत, आणि तो शब्द तिला दोन्ही अर्थांनी चपखल बसे. पहिला अर्थ धाकट्या भावाचा: प्रत्येक गोष्ट वेळेच्या आधी करून ठेवणारी. दुसरा भावजयीचा, तो ती बोलून दाखवत नसे. भावानं कॉलेजात असताना हे नाव ठेवलं तेव्हा अर्थ एकच होता. दुसरा त्याच्या लग्नानंतर घरात आला.

एकसष्ट वर्षांची ही बाई महिना उजाडायच्या आधीच त्या महिन्याच्या आठवणी तयार करून ठेवी. थट्टा नाही. जेवणघरात खिडकीशी तिचं टेबल होतं. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला तिथं घरच्या चिकटवहीची पुढच्या महिन्याची दोन पानं तयार होत. रंग ठरलेला, मथळा शाईनं वळणदार अक्षरात लिहिलेला, फोटोंच्या चौकटी आखलेल्या, आणि चौकटी-चौकटीत पेन्सिलीनं बारीक सूचना: 'इथे बटण, उभा फोटो', 'इथे दोघं, हसताना'. बटण म्हणजे भाची. दीड वर्षाची असताना तिनं ह्याच टेबलावरचं एक निळं बटण गिळलं होतं. ते दुसऱ्या दिवशी निघालं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता ती तेरा वर्षांची होती आणि त्या नावानं हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करी.

आत्यानं आखायचं आणि मग महिनाभर सगळ्या घरानं त्या चौकटींप्रमाणे जगायचं, असा कारभार होता. तळ्याकाठी फिरायला गेलं की आत्या कॅमेरा डोळ्याला लावून म्हणे, "आडवा झाला, आता एक उभा. अगं, हस की. पानावर 'हसताना' लिहिलंय मी." भावजय हसे, म्हणजे तिचे दात दिसत. फोटो काढणारी आत्याच, त्यामुळे सोळा वर्षांच्या चिकटवह्यांत ती स्वतः कुठंच नव्हती. एका फोटोत तिचा अंगठा आला होता, तोही भावजयीच्या तोंडावर.

कार्डांचंही तेच. बारा कप्प्यांची एक पेटी, कप्प्यावर महिन्याचं नाव. जाड कागद हाडाच्या पट्टीनं दुमडायचा, घडीवर नख फिरवायचं, वर कापलेल्या कागदाची फुलं, आत दोन ओळी, आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं 'इथे सह्या'. सही झाली की पेन्सिल खोडायची, हा घरचा नियम. कार्डासोबत खोडरबरही हातात ठेवला जाई. गावाबाहेरच्या नातेवाइकांच्या कार्डाला पाकीट, पाकिटावर पत्ता, आणि झाकणाच्या आत ते टपालपेटीत टाकायची तारीख. घरच्यांना पाकीट नाही. त्यांचं कार्ड सकाळी चहाच्या कपाला टेकवून उभं केलेलं असे.

हे वेड आलं छापखान्यातून. चौतीस वर्षं ती मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांनी लिहिलेलं, तिसऱ्यांनी जुळवलेलं, आणि चुका मात्र हिनं शोधायच्या. तिथल्या फोरमनचा एकच नियम होता. "बाई, अक्षर चुकलं तर सुधारा," तो म्हणायचा. "शब्द चुकलाय असं वाटलं तर लेखकाला विचारा. काय सांगावं, त्याला तेच म्हणायचं असेल." कागद तपासून झाला, मूळ प्रतीशी ओळीला ओळ जुळली, की समासात एकच शब्द लिहायचा, 'मुळाबरहुकूम', आणि खाली आपली सही. मजकूर चांगला की वाईट, खरा की खोटा, ह्याच्याशी त्या शब्दाला कर्तव्य नव्हतं. प्रतीत होतं तसं उतरलंय, एवढीच त्याची ग्वाही.

निवृत्त झाली तरी लाल पेन्सिल सुटली नाही. भावजयीनं लिहिलेल्या किराणाच्या यादीतसुद्धा आत्या ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ठेवी. असल्या नणंदेचं कौतुक कुठल्या भावजयीला वाटेल, ते तुम्हीच सांगा.

पण घर तिच्यामुळे उभं होतं हेही खोटं नव्हतं. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा भाऊ अकरा वर्षांचा, ही सव्वीस. तिनं त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाचं पान तिनं रिकामं ठेवलं ते ठेवलंच. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. न बोलण्याचा तिला थोडा गर्वही होता.

तर त्या वर्षी भावानं नवं घर घेतलं. जानेवारीत राहायला जायचं होतं. तीन खोल्या, शिवाय स्वयंपाकघर. एक खोली त्या दोघांची, एक बटणची, तिसरी कुणाची हे विचारायची आत्याला गरजच वाटली नाही. घर बघायला सगळे गेले तेव्हा तिनं पर्समधून टेप काढून तिसऱ्या खोलीची खिडकी मापली. टेबल बरोबर बसत होतं, चार बोटं उरून. "इथं उजेड डावीकडून येईल," ती म्हणाली. भाऊ नळ उघडझाप करून बघत होता. "बघू," तो म्हणाला. आत्यानं ते 'हो' असं वाचलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईनं स्वतःच्या घरातला एवढा दोन अक्षरांचा शब्द चुकीचा वाचावा!

नोव्हेंबरातल्या एका सकाळी भावजय चहाचा कप घेऊन टेबलाशी आली. सोळा वर्षांत ती त्या टेबलाशी यायची ती खालचे कागदाचे कपटे झाडायला.

"वन्सं, एक सुचवू का?"

"सुचव की."

"ह्या खेपेला महिन्यामहिन्यानं नका करू. पुढच्या अख्ख्या वर्षाची पानं एकदमच करून टाका. कार्डंसुद्धा. हलवाहलवीत तुम्हाला कुठला वेळ मिळणार? आणि मी यादी करून आणलीय."

आत्याला आभाळ ठेंगणं झालं. जिनं कधी पान उलटून बघितलं नाही, तीच आज यादी घेऊन आली! नव्या घराचा हा पायगुणच म्हणायचा. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, एका कपात वर्षभराचं काम. पण ज्याला आवळा सोळा वर्षांनी मिळतो त्याला कोहळा दिसत नाही.

ती कामाला लागली. जेवणघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. खुर्च्यांच्या पाठींवर पानं वाळत होती, भाजीच्या टोपलीत रिबिनी होत्या. भाऊ उभ्यानं जेवला आणि काही बोलला नाही. भावजयही बोलली नाही, आणि आत्यानं तेवढ्यावरून तरी ओळखायला हवं होतं.

पहिल्या कागदावर बारा महिन्यांचे मथळे होते. 'जानेवारी: आम्ही नव्या घरात. फेब्रुवारी: आम्ही आणि नवे शेजारी. मार्च: बटणची परीक्षा आणि आम्ही.' असं डिसेंबरपर्यंत. आत्यानं बोरू शाईत बुडवला आणि तिचा हात थांबला.

आजवरच्या चिकटवह्यांत 'आपण' असे. 'आपण सगळे तळ्याकाठी.' 'आपण आणि बटणचा शाळेचा पहिला दिवस.' तेच बरोबर होतं. चिकटवही कुणासाठी? घरच्यांसाठी. घरचंच माणूस घरच्यांना सांगतंय, तर तिथं 'आम्ही' कशाला? 'आम्ही' म्हणजे ऐकणारा दाराबाहेर उभा, 'आपण' म्हणजे तोही आत. भावजयीचं व्याकरण पहिल्यापासून कच्चंच. बिचारीनं घाईत लिहिलं असणार. फोरमनचा नियम आत्याला आठवला नाही असं नाही. पण घरच्या माणसाला काय विचारायचं, म्हणून तिनं तो बाजूला ठेवला, आणि बारा पानांवर बारा वेळा, चांगल्या काळ्या शाईत, 'आपण' लिहिलं.

दुसरा कागद कार्डांचा. तीन रकाने: नाव, तारीख, पाकीट. मावशीच्या नावापुढे पाकिटाच्या रकान्यात बरोबरची खूण. भावजयीच्या माहेरच्यांपुढे खुणा. भाऊ, भावजय, बटण, ह्यांच्यापुढे रकाना कोरा. सगळं रीतसर होतं. शेवटची ओळ होती: 'वन्सं, १९ सप्टेंबर.'

आत्या मनापासून हसली. तिचा वाढदिवस आजवर पेटीच्या कुठल्याच कप्प्यात नव्हता. स्वतःचं कार्ड स्वतः कोण करतं? त्या दिवशी भाऊ तोंडानं शुभेच्छा देई आणि संध्याकाळी कधी आठवलं तर काहीतरी आणी. आणि ह्या वर्षी भावजयीनं आठवणीनं नाव घातलं होतं! करायचं आपल्यालाच आहे, पण नाव तर घातलं. मग तिची नजर शेवटच्या रकान्यात गेली. तिथं बरोबरची खूण होती.

घरातल्या घरात पाकीट कशाला? तिनं कागद उजेडात धरला. वरच्या ओळीची खूण घसरून खाली आली असेल म्हणून पट्टी लावून बघितली. खूण तिच्याच ओळीत होती, स्वच्छ, दोनदा गिरवलेली. ह्या वेळी मात्र आत्याला फोरमन आठवला. अक्षर असतं तर तिनं सुधारलं असतं. ती कागद घेऊन विचारायला उठली.

भावजय स्वयंपाकघरात बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. भाऊ आतल्या खोलीत पुस्तकं बांधत होता.

"अगं, यादीत एक चूक राहिलीय," आत्या म्हणाली. "माझ्या नावापुढे पाकिटाची खूण पडलीय."

भावजयीनं बरणी खाली ठेवली नाही. "चूक नाही ती, वन्सं."

"म्हणजे?"

"ह्यांनी सांगितलं नाही तुम्हाला अजून?" मग आतल्या खोलीकडे तोंड करून ती जोरात म्हणाली, "अहो! सांगा आता एकदाचं. किती दिवस मी एकटीनं ताकाला जाऊन भांडं लपवायचं?"

भाऊ हातात सुतळी घेऊन दारात आला. काच फोडली की अकराव्या वर्षी तो असाच दारात उभा राहायचा.

"ताई, मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "बागेसमोर एक खोली बघितलीय तुझ्यासाठी. तळमजला आहे, तुझ्या गुडघ्यांना जिना नको. सगळं स्वतंत्र. तुला मोकळीक मिळेल."

"मी कधी मागितली मोकळीक?"

"तसं नाही गं. मला आता घरूनच काम करायचंय, तिसऱ्या खोलीत ऑफिस करावं लागणार. आणि लांब कुठंय? दोन बस बदलल्या की आलीस."

"मी खिडकी मापली होती," आत्या म्हणाली. भावानं सुतळीची गाठ सोडली आणि परत बांधली.

भावजयीनं शेवटी बरणी ठेवली. "तुम्ही मला वाईट म्हणाल, म्हणा. पण सोळा वर्षं मी माझ्याच घरात तुमच्या चौकटीत उभी आहे, वन्सं. हस म्हटलं की हसले. उभा फोटो म्हटलं की उभी राहिले. पोरगी झाली तेव्हा तुमचं पान आधीच गुलाबी रंगवून तयार होतं, मुलगा झाला असता तर काय केलं असतं कोण जाणे! माझ्या यादीत लाल पेन्सिल, माझ्या बोलण्यात लाल पेन्सिल. मला एकदा, फक्त एकदा, काहीतरी चुकीचं करून ते तसंच राहू द्यायचंय."

हे खरं होतं. आत्या कागदाची घडी घालू लागली.

"आणि हो," भावजय जरा खालच्या आवाजात म्हणाली, "पानं बघितली मी. तो मथळ्यांतला शब्द तेवढा बदलून द्या. मी 'आम्ही' लिहिलं होतं."

बोलणं लागायचं ते तिथं लागलं. खोलीचं दुःख होतं, पण तिथं ती बिचारी होती. इथं ती गुन्हेगार होती. लेखकाला न विचारता तिनं शब्द बदलला होता, एकदा नाही, बारा वेळा. आणि लेखकाला तेच म्हणायचं होतं.

काळी शाई खोडता येत नाही. प्रत्येक पानाच्या रंगाची बारीक पट्टी कापून, तिच्यावर 'आम्ही' लिहून, ती 'आपण'वर चिकटवायची, एवढाच मार्ग होता. आत्या दोन दिवस ते करत बसली. बारा पट्ट्या, कडा इतक्या नेमक्या की डोळ्याला कळू नये. बोट फिरवलं तर मात्र तिथं कागद जरा जाड लागे. चौकटींतल्या सूचना खोडून टाकाव्यात, मग बसा म्हणावं कुठला फोटो कुठं ते शोधत, असंही तिच्या मनात येऊन गेलं. रबर हातात घेऊन तिनं जानेवारीचं पान पुढे ओढलंसुद्धा. पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली. राग माणसावर, तो कागदावर काढायचा नसतो. गरज सरो, वैद्य मरो, असं स्वतःशी पुटपुटत त्या वैद्यानं पुढच्या वर्षभराच्या पुड्या बांधून दिल्या.

सगळ्यात शेवटी तिचं स्वतःचं कार्ड. त्यासाठी तिनं जपून ठेवलेला फिकट पिवळा कागद काढला. घडी सुरेख पडली. वर तिनं फुलं लावली नाहीत, एकच निळं बटण शिवलं. आत काय लिहायचं, इथं घोडं अडलं. दुसऱ्यांचं कौतुक तिनं शेकडो कार्डांत लिहिलं होतं. स्वतःचं कसं लिहायचं? 'तुझ्यासारखी बहीण' असं स्वतःच स्वतःला? तिला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

बटण पाणी प्यायला आली होती. "आत्या, हे माझ्या नावाचं आहे?"

"माझंच आहे. तुम्ही मला पाठवणार ते. आत काय लिहू, सांग."

"तू नको लिहूस ना!" पोरीला खरंच धक्का बसला. "शी, स्वतःचं कार्ड स्वतः लिहितात का? आम्ही लिहू."

'आम्ही'. पोरीचं व्याकरण चोख होतं. "लिहाल?" आत्यानं विचारलं.

"मी लिहीन. प्रॉमिस."

"चार ओळी पुरेत."

"चार काय, चाळीस लिहीन," बटण म्हणाली, आणि ग्लास टेबलावरच ठेवून गेली. ग्लासाचं ओलं वर्तुळ जूनच्या पानाच्या कडेला लागलं होतं. आत्यानं ते पदराच्या टोकानं टिपलं.

तिनं कार्डाची आतली बाजू कोरी ठेवली. मधोमध पेन्सिलीनं लिहिलं, 'इथे चार ओळी'. खाली कोपऱ्यात, 'इथे सह्या'. पाकिटावर स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव आणि बागेसमोरच्या खोलीचा पत्ता घातला. झाकणाच्या आत लिहिलं, '१५ सप्टेंबरला पेटीत'. ते पाकीट तिनं सप्टेंबरच्या कप्प्यात ठेवलं आणि पेटी भावजयीच्या हवाली केली.

जानेवारीत दोन घरं झाली. बागेसमोरची खोली वाईट नव्हती. टेबल आत मावलं, पण खिडकीखाली पाण्याचा नळ होता, म्हणून ते भिंतीला तोंड करून लावावं लागलं. भाऊ दर रविवारी फोन करी. मग एक रविवार सोडून करू लागला. भाऊ वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. आत्यानं नवीन चिकटवही आणली, पण एका माणसाच्या महिन्याचं काय आखायचं ते तिला कळेना, म्हणून ती कोरीच राहिली.

आखण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे १९ सप्टेंबर. ती लोभी बाई नव्हती. तिला खोली परत नको होती, माफी नको होती. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या आठवणी सजवल्या, त्या वह्यांत आपण कुठे होतो, हे कुणीतरी चार ओळींत सांगावं, एवढंच हवं होतं. आगाऊच ती. फेब्रुवारीतच सप्टेंबरची वाट बघू लागली.

फेब्रुवारीच्या शेवटी मावशीचा फोन आला. मावशी ब्याऐंशी वर्षांची, ऐकायला कमी, बोलायला नाही.

"अगं, तुझं कार्ड मिळालं. फुलं छान केलीस. पण माझा वाढदिवस ऑगस्टात! तोवर मी टिकत नाही असं वाटलं की काय तुला?"

"आत्ता मिळालं?"

"काय? हो, आजच. तिघांच्या सह्या आहेत. शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं."

आत्यानं भावजयीला फोन लावला. "अगं, मावशीला ऑगस्टचं कार्ड आत्ताच गेलं. मी झाकणाआड तारखा घातल्या होत्या सगळ्या."

"घातल्या असतील हो," भावजय म्हणाली. मागे कुकरची शिटी होत होती. "कोण बघत बसतं दर महिन्याला? बसलो एका रविवारी तिघं, सह्या करून टाकल्या आणि अख्खी पेटी टपालात रिकामी केली. वर्षभराचं एक काम उरकलं. तुम्हीच म्हणता ना, आधी झालेलं बरं?"

"माझंही टाकलं?"

"तुमचंही टाकलं. मिळेल आज-उद्या."

आत्याला राग यायला हवा होता, पण तिला धीर धरवेना. मावशीच्या कार्डावर तिघांच्या सह्या होत्या. म्हणजे तिघं बसले होते, पेन हातात घेतलं होतं, कार्ड उघडलं होतं. म्हणजे ओळीही असणारच. सप्टेंबरपर्यंत थांबायला नको, एवढाच फरक. त्या रात्री ती जेवली आणि शांत झोपली. फार दिवसांनी तिला तशी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमननं दार वाजवलं. "अक्षर काय सुरेख आहे हो बाई," तो पाकीट देताना म्हणाला. "कुणाचं?"

"नात्यातल्याच एकीचं," आत्या म्हणाली.

ती टेबलाशी बसली, चष्मा पुसला, सुरीनं पाकीट नीट उघडलं. पिवळा कागद, निळं बटण, कुठं दुमडलं-चुरगळलं नव्हतं. तिनं कार्ड उघडलं. मधोमध पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथे चार ओळी'. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'इथे सह्या'. ह्याशिवाय काही नव्हतं. तिनं कार्ड उलटं करून मागची बाजू बघितली. पाकीट फुगवून आत चिठ्ठी आहे का बघितलं. झाकणाआड '१५ सप्टेंबरला पेटीत' तसंच होतं.

काय झालं असेल ते तिला समोर बघितल्यासारखं दिसलं. बाकीच्यांवर नुसती सही करायची होती. हिच्यावर ओळी लिहायच्या होत्या, म्हणून बटण म्हणाली असेल, हे नंतर करते. मग ते बाजूला पडलं, ढिगात मिसळलं, आणि ढीग टपालपेटीत गेला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम करायला तरी आठवण लागते.

तिनं फोन उचलला आणि परत ठेवला. पोरीला विचारलं असतं तर ती रडली असती, आणि आज संध्याकाळी चाळीस ओळी लिहून पाठवल्या असत्या. मागून घेतलेल्या ओळी आत्याला नको होत्या.

तिनं लाल पेन्सिल घेतली. मजकूर गळाला की मुद्रितशोधक तिथं काकपद काढतो, कावळ्याच्या पावलासारखी छोटी खूण, आणि समासात लिहितो काय राहिलं ते. 'इथे चार ओळी'च्या शेजारी तिनं ते काढलं. मग समासात काय लिहायचं म्हणून थांबली. तिथं यायला हव्या होत्या त्या चारही ओळी तिला पाठ होत्या. नोव्हेंबरपासून पाठ होत्या. पेन्सिल कागदाला टेकलीसुद्धा.

लेखकाला विचारल्याशिवाय शब्द बदलायचा नाही. घालायचा तर मुळीच नाही. एकदा तिनं न विचारता 'आपण' घातलं होतं, तेवढं पुरे होतं. तिनं काकपद खोडलं. मग मूळ प्रत म्हणून जपलेली भावजयीची यादी खणातून काढली आणि कार्डाशेजारी ठेवून सवयीप्रमाणे ओळीवर पट्टी धरून तपासली. नाव बरोबर. तारीख बरोबर. पाकीट, खुणेप्रमाणे, बरोबर. ह्याहून जास्त त्या यादीत काही नव्हतं. कार्डातही नव्हतं.

तिनं समासात लिहिलं, 'मुळाबरहुकूम', आणि खाली कोपऱ्यात सही केली. सही झाली की पेन्सिल खोडायची म्हणून 'इथे सह्या' खोडून भुगा फुंकला. 'इथे चार ओळी' मात्र तसंच ठेवलं. ते काम तिचं नव्हतं.